टोपीवाला फोटो

बाळाराम भोईर कुठल्याही मानाच्या कामाआधी पाय धुवायचे. जेवायला बसताना, पाहुण्याशी बोलायला ओटीवर येताना, ग्रामपंचायतीत जाताना. घराच्या पायरीशी एक चपटा दगड होता आणि शेजारी पाण्याचं पिंप. त्या दगडावर उभं राहून ते टाचा घासायचे, बोटांच्या बेचक्यांतली माती काढायचे, आणि तोवर दारात कितीही मोठा माणूस आलेला असो, त्याच्याशी बोलायचे नाहीत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते असेच दगडावर उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं. पाय पुसून झाल्यावर ओटीवर येऊन बसले, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आता बोल. चिखलात हाय तवर मी बैल. पाय धुतले का मंग बालाराम.”

ते माझ्या मित्राचे, हरेशचे वडील. बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर त्यांची भातशेती होती. घरचे लोक त्यांना दादा म्हणत, गाव बाळादादा म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं ती. हरेश आणि मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकत होतो. तिथे आमचा सहा-सात जणांचा फोटोग्राफीचा ग्रुप होता. पदार्थविज्ञान शिकवणारे प्रधान सर तो चालवायचे. प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीला काळे पडदे लावून आम्ही डार्करूम केली होती. कॅमेरा कॉलेजचा, एकच, आणि रोल सर हात राखून द्यायचे.

त्या वर्षी अंबरनाथ पूर्वेला एका वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं ठरलं. विषय सरांनी सुचवला, ‘पाणी कुठून येतं’. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या आपल्या तिन्ही गावांच्या नळांना बारवीचं पाणी येतं, तर त्या पाण्याच्या काठी राहणारी माणसं आपण दाखवू, असं ते म्हणाले. आम्ही सगळे भारावून गेलो. मी अंबरनाथचा, वडील कारखान्यात अधिकारी. बारवीला मी तोवर फक्त डबे घेऊन सहलीला गेलो होतो. हरेश म्हणाला, “आमच्याकडं चला. दादा खूश होतील.” बाकीच्यांनी धरण, कालवे, पाइपलाइन वाटून घेतली. माणसं माझ्या वाट्याला आली.

म्हणून आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मी हरेशच्या घरी दोन दिवस राहायला गेलो. बाळादादांना माझी थट्टा करायला फार आवडे. मी अंबरनाथचा म्हटल्यावर म्हणाले, “तुमच्याकडची माणसं पानी आमचं पितात, आनि आम्ही गेलो का चा अर्धा कप देतात.” त्यांची बायको, म्हणजे काकी, आतून म्हणाल्या, “आता पोराला जेवू तरी द्या, मंग बोला.” त्यावर दादा म्हणाले, “जेवनात नाय ना अर्धं करत. बोलन्यात कशाला करू?”

माणूस देखणा होता आणि त्यांना ते माहीत होतं. घराच्या एका खांबाला त्यांनी गोल आरसा टांगला होता. तो मुलीसाठी आहे असं ते सांगत, पण येता-जाता त्यात स्वतःच बघत. पांढरी टोपी काकी भाताच्या पेजेत बुडवून कडक करायच्या. ती टोपी डोक्यावर चढवताना दोन्ही हातांनी धरत, भरलेलं भांडं धरावं तशी. आयुष्यात त्यांचा एकच फोटो निघाला होता, कसल्याशा सरकारी कागदावर चिकटवायला, आणि त्यात डोळे मिटलेले. “जिता असून मेलेला दिसतो मी त्यात,” ते म्हणाले. “तू एक बरा काढ. टोपी घालून, खुर्चीवर बसून. माघारी भिंतीवर लावायला लागंल तो. त्यात पन डोले मिटलेले असतील तर येनारे-जानारे काय म्हनतील?”

“काढू की,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेऊन शेतावर गेलो. दादा गुडघाभर चिखलात बैलांमागे होते. अंगावर लंगोटी आणि डोक्याला फडकं. हात-पाय, छाती, अर्धा चेहरा चिखलाने माखलेला. खरं सांगायचं तर मला ते दृश्य पाहून आनंद झाला. हेच हवं होतं मला. मी बांधावरून जवळ जात राहिलो, कॅमेरा डोळ्याला लावूनच. पायाखाली बघत नव्हतो. दादांनी मान वर केली, मला पाहिलं, आणि एक हात उंचावून मोठ्याने ओरडले, “पोरा, पाय जपून. थितं बांध खचलाय.”

मी त्याच क्षणी बटन दाबलं. मग माझा पाय घसरलाच. कॅमेरा वाचला, मी कंबरेपर्यंत चिखलात गेलो. दादा बैल सोडून आले, मला बगलेत हात घालून वर काढलं आणि इतके हसले की पलीकडच्या खाचरातल्या बायका लावणी थांबवून बघायला लागल्या. “आता तू पन बैल,” म्हणाले.

रोल तिथेच संपला होता. पिशवीत दुसरा होता, पण तो मी धरणावरच्या संध्याकाळच्या उजेडासाठी ठेवला होता.

दुपारी जेवणं झाल्यावर दादा दगडावर उभे राहिले आणि नेहमीपेक्षाही जास्त वेळ पाय घासत राहिले. मी म्हणालो, “दादा, फोटोत पाय येणार नाहीत.” म्हणाले, “पाय नाय येत, पन मी येतो ना?” मग ते आत गेले आणि धुतलेलं धोतर, सदरा आणि लग्नाकार्यात घालायचा काळा कोट घालून आले. शेजाऱ्याकडून हातांची खुर्ची आणवली. ती कुठे ठेवायची यावर हरेशशी वाद घातला. टोपी दोन्ही हातांनी चढवली. बसले आणि डोळे इतके ताणून उघडे ठेवले की पाणी आलं.

मी रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटन दाबलं.

गावोगाव फिरणाऱ्या फोटोवाल्यांची ती जुनी युक्ती होती. आमच्या ग्रुपमध्येही ती सगळ्यांना ठाऊक होती. कुठेही कॅमेरा काढला की माणसं गोळा होतात, माझा काढ, याचा काढ म्हणतात. कोणाला नाही म्हणायचं? रिकामा आवाज केला की सगळे खूश. मी स्वतःला सांगितलं की दोन दिवसांत परत येऊ तेव्हा खरा काढू. ताठ बसलेला, कोटातला म्हातारा प्रदर्शनात काय कामाचा, हेही मनात होतं. तेच जास्त होतं.

आवाज ऐकून दादा खुर्चीत सैल झाले. मग त्यांनी आत हाक मारली, “अगं ये. तू पन बस.” काकी नको नको म्हणत होत्या. हात पुसत आल्या, पदर डोक्यावरून घेतला, आणि खुर्ची एकच म्हणून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. दादा उठले. त्यांनी काकींना खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. पाड्यावरचा कोणताही नवरा चारचौघांत असं करत नसे. ओटीच्या काठावर बसलेली पोरं हसली. काकी मान वर करेनात. दादा मला म्हणाले, “थांब जरा. तिला वर बघू दे.”

आम्ही सगळे थांबलो. काकींनी वर पाहिलं. मी पुन्हा रिकामं बटन दाबलं.

कॉलेजात परतल्यावर शेतातला फोटो धुऊन काढला. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये चेहरा हळूहळू उमटत गेला. उंचावलेला हात, उघडं तोंड, चिखलातून चमकणारे डोळे. प्रधान सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सुहास, तू या माणसाची वेदना पकडलीस.” मी नुसता मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना ती नम्रता वाटली असेल. दादा काय ओरडत होते ते मला माहीत होतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी ते सांगितलं नाही. प्रदर्शनाच्या आखणीच्या बैठकीत हा फोटो सर्वांत मोठा करून समोरच्या भिंतीवर मधोमध लावायचा ठरला. नावही मीच दिलं, ‘टाहो’.

त्या बैठकीत विरोध एकट्या हरेशचा होता. शेवटी म्हणाला, “सर, हा नको. दादांना आवडणार नाय.”

सर म्हणाले, “अरे, वडील आहेत म्हणून तुला संकोच वाटतो. लांबून बघ.”

“मग टोपीवाला पण लावा ना शेजारी. सुहासने काढलाय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “तो नाही आला रे. आत उजेड गेला. जोडीचाही गेला.”

हरेशने विश्वास ठेवला. डार्करूममध्ये पडद्याच्या फटीतून उजेड येऊन फिल्म खराब होतच असे.

प्रदर्शनाची तयारी आम्ही जिवापाड केली. थर्माकोलचे तक्ते कापले, बाकांवर काळं कापड टाकलं, सुतळी बांधून फोटो एका रेषेत आणले. उल्हासनगरचा मनोहर आमच्या ग्रुपमध्ये होता, त्याच्या वडिलांचा तिथल्या कॅम्पात, जुन्या निर्वासित वस्तीत, फोटो स्टुडिओ होता. तिथून त्याने दोन मोठे दिवे आणले आणि दोन्ही ‘टाहो’वर लावले. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी त्या फोटोसमोर उभं राहून भाषण केलं. शेतकऱ्याच्या मुक्या दुःखाला आज वाचा फुटली, असं काहीसं बोलले. टाळ्या वाजल्या. मी पहिल्या रांगेत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून बाळादादा उतरले. कोट, टोपी, हातात छत्री. मागून काकी, हरेशची बहीण, आणि बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातलं एक कुटुंब. हरेशच्या बहिणीचं लग्न नुकतंच त्या घरात ठरलं होतं. ते दादांचे होऊ घातलेले व्याही. दादा त्यांना मुद्दाम घेऊन आले होते. माझा फोटो अंबरनाथला लागलाय, शहरातली माणसं बघायला येतात, असं त्यांनी सांगितलं होतं. हरेशला त्यांना अडवता आलं नव्हतं. कोणता फोटो लागलाय ते सांगणंही त्याला जमलं नव्हतं. तो दाराशी उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

सभागृहाबाहेर नळ होता. दादांनी छत्री हरेशकडे दिली, वहाणा काढल्या आणि नळाखाली पाय धुतले. व्याही म्हणाले, “अवो, देवळात थोडंच जायचंय?” दादा म्हणाले, “माना-पानाचं हाय.”

मग ते आत आले. सुरुवातीचे फोटो ते व्याह्यांना समजावून सांगत होते. हा आमचा वड. इथं पूर्वी वाट होती, आता पाणी आहे. ही कोण हिरू ना, बघा कशी उभी राहिलीय. आवाजात घरधन्याचा तोरा होता. बोलत बोलत ते समोरच्या भिंतीपाशी पोचले आणि थांबले.

दोन्ही दिवे त्या फोटोवर होते. कोटातले दादा आणि समोर लंगोटीतले दादा, तोंड वासलेले, चिखलाने बरबटलेले, जवळजवळ पुरुषभर उंचीचे. काकींनी पदर तोंडाला लावला. मुलगी बहुतेक मागे सरली. तेवढ्यात प्रधान सर लगबगीने आले. त्यांना बिचाऱ्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “हे आपणच ना? फार दुःख आहे हो या चेहऱ्यात.”

दादांनी फोटोकडे पुन्हा पाहिलं, मग व्याह्यांकडे, मग सरांकडे. “नाय वो साहेब,” ते म्हणाले, “मी नाय यो. असंल पाड्यावरचा कोन. चिखलात सगली सारखीच दिसतात.”

हे हरेशचे वडील, हे सरांना बैठकीपासून माहीत होतं; ते गोंधळून माझ्याकडे वळले. “सुहास?”

मला खरं बोलता आलं असतं. त्याने दादांची शोभा झाली असती हे खरं. पण मी त्यांच्यासाठी खोटं बोललो नाही. मी सुटलो असं मला वाटलं. “नाही सर,” मी म्हणालो, “हे दुसरे. नाव माझ्या लक्षात राहिलं नाही.”

सरांनी एकदा दाराशी उभ्या हरेशकडे पाहिलं आणि जोडलेले हात खाली घेतले. व्याही हसले. “तरी म्हटलं,” ते म्हणाले, आणि सगळे पुढच्या फोटोकडे गेले. दादाही गेले. पण आता ते काही समजावून सांगत नव्हते.

निघताना त्यांनी मला नळापाशी बाजूला घेतलं. मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील. मला ते हवंच होतं. ते हळू आवाजात म्हणाले, “टोपीवाला कंय हाय रं?”

“खराब झाला, दादा. आत उजेड गेला.”

“आनि जोडीचा?”

“तोही.”

त्यांनी टोपी दोन्ही हातांनी नीट केली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. “व्हतं रं. लावलेलं सगलं रोप कुठं लागतं? पुन्ना ये कवातरी. जेवून घे, मंग काढू.” आणि टेम्पोत जाऊन बसले.

प्रदर्शन संपल्यावर सरांनी आम्हाला गोल बसवलं आणि प्रत्येकाने काय शिकलो ते सांगायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो की समोरच्या माणसाचा विश्वास मिळवल्याशिवाय चांगलं छायाचित्र निघत नाही. हे वाक्य मी आधीच तयार केलं होतं. सर म्हणाले, “वा.” पुढची पाळी हरेशची होती. तो म्हणाला, “मला काय बोलायचं नाय.” तो उठून गेला आणि पुन्हा ग्रुपमध्ये आला नाही. बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण मात्र त्याने घरी येऊन दिलं. मी गेलो नाही. पाड्यावरही गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत नोकरी लागली, लग्न झालं, आणि बारवीचं पाणी रोज प्यायलं की आठवण यायची तीही बंद झाली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एका रविवारी हरेश अचानक माझ्या दारात उभा राहिला. डोकं भादरलेलं होतं. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, “दादा गेले. तुझ्याकडं त्या शेतातल्या फोटोची फिल्म असंल तर दे.”

“लग्नातले फोटो असतील ना रे?”

“नायत. कॅमेरावाला आला का ते उठून वाढायला जायचे. बोलायचे, माझा फोटो बरा येत नाय. तुमच्या प्रदर्शनानंतर त्यांनी फोटोच काढून दिला नाय कोनाला.” त्याच्या आवाजात राग नव्हता. शेताची खबर द्यावी तसं त्याने सांगितलं.

फिल्म माझ्याकडे होती. ती घेऊन आम्ही दोघे मनोहरकडे गेलो. आता स्टुडिओ तोच चालवत होता. मेलेल्या माणसाचा धड फोटो नसला की असेल त्या फोटोतला चेहरा कापून तयार कोटावर चिकटवायचा आणि रंगाच्या ब्रशने सांधा बुजवायचा, हे काम त्याच्याकडे नेहमीचं होतं. त्याने फिल्म उजेडात धरली आणि ओळखली. “अरे यार, ये तो अपना टाहो है,” तो म्हणाला. मग हरेशचं भादरलेलं डोकं पाहून त्याने फिल्म खाली घेतली. म्हणाला, “कोट लावतो, टोपी लावतो. चिखल पण साफ होईल. पण हे तोंड बंद नाही होणार, भाई. बंद केला तो ये आदमी ही नहीं रहेगा.”

“राहू दे,” हरेश म्हणाला.

तेराव्याला मी पाड्यावर गेलो. दगड आणि पिंप जागच्या जागी होतं. काकींनी नातवाकडून मला पाणी देववलं, मी पाय धुतले आणि ओटीवर गेलो. भिंतीवर हार घातलेली तसबीर होती. कोट दुसऱ्याच कोणाचा होता, खांदे दादांपेक्षा अरुंद. टोपी जरा तिरकी बसली होती. आणि त्या सगळ्यामधून दादांचा तो चेहरा, तोंड उघडं, डोळे सताड उघडे. येणारा प्रत्येक जण हात जोडून झाल्यावर क्षणभर बघत राहायचा.

काकी खूप थकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि जवळ बसवलं. तसबिरीकडे बघत म्हणाल्या, “सगली विचारतात, दादा असं काय बोलतायत म्हनून. आता मी काय सांगू? तूच काढलेला ना? तुला म्हाईत असंल.”

“हो, काकी. मी बांधावरून पडत होतो. पोरा, पाय जपून, असं ओरडून सांगत होते मला.”

त्या हसल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, कारण सुनेने दारातून डोकावून पाहिलं. “तसंच त्यांचं,” म्हणाल्या. “स्वतःचं घासायचं नायतर दुसऱ्याचं बघायचं. पायांवरच जीव.” मग शेजारी बसलेल्या बायकांना त्यांनी ते सांगितलं, आणि त्या बायकांनी पलीकडच्यांना. ओटीवर ते वाक्य फिरत गेलं. एवढी एकच खरी गोष्ट मी त्या घराला देऊ शकलो, तीही इतक्या वर्षांनी.

मी उठायला लागलो तेव्हा काकींनी माझा हात धरला.

“आनि आमचा जोडीचा व्हता ना एक? मना खुर्चीत बसवलेलं त्यांनी. तो काय आला नाय का रं कवा?”

हरेश समोरच उभा होता. सांगण्यासाठी याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती, आणि तेवढ्यासाठीच मी आलो होतो असं मी येताना स्वतःला सांगितलं होतं. मी काकींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली होती, तशीच, जशी त्या दुपारी सगळे थांबल्यावर केली होती.

“तो खराब झाला, काकी,” मी म्हणालो. “आत उजेड गेला.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि माझा हात सोडला.

परतीच्या वाटेवर बांध लागला नाही. तिथे आता डांबरी रस्ता होता, सरळ आणि कोरडा. तरी मी अख्खी वाट खाली बघत चाललो.